इंजिन ठोकतंय? आवाज कुठून येतो त्याआधी कधी येतो ते शोधा

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकांना एका गॅरेजने फुल इंजिन काम सांगितलं. आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, इंजिनातून खटखट आवाज, आणि निदान काय, तर ‘कनेक्टिंग गेलं’, म्हणजे पिस्टनचा रॉड इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला जिथे जोडतो तिथलं बेअरिंग संपलं. काका हबकले होते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं गाडीपाशी गेलो. बॉनेट उघडायच्या आधी मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: एसी बंद करा. आवाज थांबला. एसी लावला, आवाज परत सुरू. एसीचा कंप्रेसर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचा एक बोल्ट तुटला होता आणि दुसरा ढिला झाला होता. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

हे मला त्या दिवशी सुचलं, कारण आधी एकदा मी त्याची पुरेपूर किंमत मोजली आहे. चार वर्षांपूर्वी अमरावतीहून परतताना तळेगाव सोडल्यावर माझ्या गाडीतला ऑइलचा लाल दिवा एका वळणावर क्षणभर लुकलुकला. कोंढाळीपाशी बारीक टकटक सुरू झाली. नागपूर पन्नास किलोमीटरवर. घरी पोचू, मग सकाळी बघू, असा विचार करून मी तशीच दामटली. गोंडखैरीपर्यंत त्या टकटकीचं ठकठक झालं आणि वाडी यायच्या आधी इंजिन जाम झालं. कोंढाळीला थांबून ऑइलची काडी बघितली असती, एक लिटर ऑइल टाकलं असतं, तर क्रॅन्क, म्हणजे इंजिनाचा तो मुख्य फिरता दांडा, वाचला असता. ज्यांनी ते इंजिन खोललं त्या मिस्त्रींचा पहिला प्रश्न अजून कानात आहे: “कुठून येते ते मी पाहीन भाऊ. आवाज कवा येऊन राहिला होता, ते सांगा.”

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे. बॉनेटखाली आवाज फसवतो. इंजिन म्हणजे धातूचा एक सलग ठोकळा, डाव्या टोकाची टकटक उजव्या टोकाला ऐकू येते. पण आवाजाची वेळ फसवत नाही. थंड की गरम, रेस दिल्यावर की सोडल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, एसीसोबत की क्लचसोबत, एवढं पक्कं कळलं की अर्ध्याहून जास्त शक्यता बॉनेट न उघडताच गळून पडतात.

सर्वांत आधी: गाडी चालवायची की नाही

आवाजासोबत ऑइलचा लाल दिवा लागला, लुकलुकला किंवा इंजिनाचं तापमान चढलं, तर तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या पंपापर्यंत नाही, पुढच्या सावलीपर्यंतही नाही. ऑइलचा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. आणि तो लागतो दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर, म्हणजे बेअरिंगला ऑइल जवळजवळ पोचत नसतानाच. क्रॅन्क आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या फटीत ऑइलचा पातळ थर आहे तोवर धातू धातूला लागत नाही. थर गेला की बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटं पुरतात.

दिवा नाही, पण आवाज जड आहे, ठक-ठक, जणू कुणी आतून हातोडीने मारतंय, आणि रेससोबत वाढतोय, तरीही टो करून न्या. बारीक टिकटिक असेल आणि ऑइल पुरेसं असेल, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही.

ऐकायला वाकण्याआधी

उन्हाळ्यात आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्या-गळ्याला दुपट्टा असतो. तो काढून बाजूला ठेवा. लांब बाह्या दुमडा, लांब केस बांधा. सुरू इंजिनाचा पट्टा आणि पंखा कापड ओढून घेतो तेव्हा मागे व्हायला वेळ मिळत नाही. रेडिएटरचा पंखा तर इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो. गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडायचं नाही. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सामान फारसं लागत नाही. टॉर्च, जुनं फडकं, एक लांब स्क्रूड्रायव्हर किंवा मीटरभर रबरी नळी, आणि मोबाइल. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. नागपुरात घाट रोडकडे स्पेअर पार्ट्स आणायला गेलात तर विचारून बघा, महाग वस्तू नाही.

पायरी १: ऑइलची काडी

हे सोडून पुढे जाऊ नका. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काडी ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं. खालच्या खुणेपेक्षा कमी असेल तर आधी योग्य ग्रेडचं ऑइल भरा. मगच आवाज तपासा. अनेकदा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, टिकटिक तिथेच शांत होते.

पातळीइतकंच ऑइलचं रूपही बघा. काळं असणं हा दोष नाही, विशेषतः डिझेलमध्ये. काडीवरचा थेंब दोन बोटांत चोळून उन्हात धरा. चांदीसारखी किंवा तांब्यासारखी चमचम दिसली तर बेअरिंग झिजून ऑइलमध्ये उतरत आहे. थेंब दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा उग्र वास आणि पातळी वाढलेली असेल तर इंधन ऑइलमध्ये मिसळतंय, असं ऑइल पातळ होतं आणि दाब धरत नाही.

शेवटचं ऑइल कोणतं टाकलं, कुठलं फिल्टर बसवलं, तेही आठवा. गाडीला पातळ ०डब्ल्यू-२० हवं असताना “नागपूरच्या उन्हात जाडच बरं” म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० टाकलं असेल, तर सकाळी सुरू केल्यावर ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे वाजतात. ऊन कितीही असलं तरी कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या तापमानाला जे ग्रेड दिलंय तेच घाला. जाड ऑइलचा दुसरा उपयोग जुन्या गाडीच्या विक्रीत होतो. ठोकणारं इंजिन त्याने चार दिवस गप्प बसतं. वापरलेली गाडी घेताना इंजिन पूर्ण गरम करून ऐका ते यासाठीच.

पायरी २: आवाज इंजिनाचाच आहे का

आपल्या नागपुरात ही पायरी फार महत्त्वाची, कारण इथे रस्ते सिमेंटचे. दोन काँक्रीट पट्ट्यांच्या सांध्यावरून टायर गेला की टक-टक येते, तीही अगदी ठरावीक लयीत. वेग वाढला की लय वाढते, म्हणून ती इंजिनाची वाटते. ओळखायचं असं: रिकाम्या, सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगात क्लच दाबा आणि इंजिनाची रेस खाली येऊ द्या. वेग तोच राहिला आणि आवाजाची लयही तीच राहिली, तर तो चाक, टायर, सस्पेन्शन किंवा रस्त्याचा आहे. रेससोबत लय उतरली तर इंजिनाचा. इंजिन बंद करून गाडी घरंगळवायची नाही, ब्रेकची आणि स्टिअरिंगची ताकद जाते.

उलट परीक्षा उभ्या गाडीत करा. न्यूट्रलमध्ये रेस दोन हजारावर (मिनिटाला इंजिनाचे फेरे, आरपीएम) धरा. आवाज आला तर तो इंजिन, त्याला लटकलेल्या यंत्रणा किंवा क्लचचा. गतिरोधकावर किंवा पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावरच येणारी खटखट लिंक रॉड, बुश आणि ॲक्सलच्या जॉइंटकडे बोट दाखवते, तिच्यासाठी इंजिनवाल्याकडे जाऊ नका. गाडी सुरू करताना, बंद करताना किंवा ऑटोमॅटिकचा गिअर टाकताना एकच जड ‘धप्’ येत असेल तर इंजिन माउंटिंग बघा. रबर फाटलं की अख्खं इंजिन बॉडीवर आपटतं.

पायरी ३: सकाळचा पहिला स्टार्ट

सगळ्यांत जास्त माहिती या एका मिनिटात मिळते आणि बहुतेक लोक ती वाया घालवतात, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा गरम झालेली असते. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट उघडा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला ठेवा, दुसऱ्या कुणाला सुरू करायला सांगा.

सुरू होताच दोन-तीन सेकंद खर्रर्र असा साखळी घासल्यासारखा आवाज आणि मग शांतता: टायमिंग चेन, म्हणजे क्रॅन्कवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा फिरवणारी साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री ऑइल खाली उतरलं की चेन ढिली, दाब आला की परत घट्ट. ऑइल उतरू न देणारी झडप फिल्टरमध्ये असते आणि हलक्या फिल्टरात ती नीट धरत नाही, म्हणून आधी चांगलं फिल्टर आणि योग्य ऑइल टाकून पाहा. तरीही आवाज राहिला, लांबत गेला किंवा गरम इंजिनातही येऊ लागला, तर चेन-टेन्शनर बदलण्यात दिरंगाई नको. चेन दात सोडून सरकली तर बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६ हा कोड दिसला, म्हणजे कॅम आणि क्रॅन्क यांचा मेळ चुकलेला दिसला, तर संशय अजून पक्का.

थंड असताना पोकळ, बोदा डगडग आवाज, आणि पाच-सात मिनिटांत कमी होत जाणारा: पिस्टन स्लॅप. ॲल्युमिनिअमचा पिस्टन थंड असताना आकसलेला असतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर हेलकावतो, तापला की फुगून बसतो. डिसेंबरच्या थंडीत तो जास्त, मे महिन्यात कमी. यासाठी इंजिन खोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल खात नसेल, धूर नसेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

थंड असताना टिकटिक, सोबत फुस्सफुस्स, गरम झाल्यावर गायब: इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती. गास्केट जळालेलं किंवा स्टड तुटलेला. लोखंड तापून पसरलं की फट बुजते. हा आवाज टॅपेटसारखा इतका हुबेहूब लागतो की त्यासाठी विनाकारण टॅपेट कव्हर उघडलेलं मी पाहिलं आहे. सांध्याभोवती काजळीचा काळा फराटा दिसला की समजा. प्लग ढिला असला तरी असाच फुसका टिकटिक आवाज येतो, आणि तिथे निदान म्हणजे फक्त प्लग पाना.

याच्या बरोबर उलट, थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर ठोकणारं इंजिन. ही खरी काळजीची बाब. गरम ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगमधून निसटतं, दाब पडतो. म्हणून आवाज पंधरा-वीस मिनिटांनी, सिग्नलवर उभं राहिल्यावर सुरू होतो.

पायरी ४: रेस द्या, धरा, सोडा

इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेस हळूहळू अडीच हजारावर न्या, दोन सेकंद धरा, आणि एकदम सोडा. रेस उतरत असताना खटखटखट असा कोरडा, कडक आवाज उमटला तर बिग एंड बेअरिंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘कनेक्टिंग’ म्हणतात ते. धरलेल्या रेसवर भार समतोल असतो म्हणून तिथे तो लपतो, भाराची दिशा उलटली की ढिला रॉड क्रॅन्कवर आपटतो. एक-दोनदा खात्री झाली की थांबा. ही परीक्षा पुनःपुन्हा करण्यात उरलेलं बेअरिंगही जातं.

क्रॅन्कला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल असतो. गाडी जागेवरून उचलताना येणारा तो धडधडाट कानापेक्षा पायाखालच्या पत्र्यात जास्त जाणवतो. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज हलका, धातूचा, जोडीने येणारा: टक-टक, टक-टक, आयडलिंगला जास्त स्पष्ट. टॅपेटचा मात्र शिलाई मशीनसारखा, वरून येणारा, भाराने फारसा न बदलणारा.

टॅपेटबद्दल एक गोष्ट सीएनजीवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. सीएनजीवर व्हॉल्व्हची बैठक जास्त झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि ज्या इंजिनात टॅपेटची फट हाताने जुळवावी लागते तिथे ती फट कमी होत जाते. म्हणजे इंजिन वाजत नाही, उलट अधिक शांत होतं, आणि मग एक दिवस व्हॉल्व्ह नीट बंद न झाल्याने जळतो. थोडी टिकटिक करणारा टॅपेट त्या मानाने सुरक्षित. पुस्तिकेतल्या किलोमीटरला फट मोजून घ्याच.

पायरी ५: लटकलेल्या यंत्रणा एकेक करून बंद

काकांच्या गाडीची गोष्ट इथली. एसी बंद-सुरू करून ऐका. क्लच पूर्ण दाबून ऐका. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं फिरवून पाहा. मग दिवे, पंखा, मागची काच तापवायचं बटण लावून अल्टरनेटरवर भार टाका.

एवढ्याने कळलं नाही तर मेकॅनिकसमोर थंड इंजिनाचा बाहेरचा पट्टा काढून फक्त पंधरा-वीस सेकंद इंजिन चालवायचं. आवाज गेला तर दोष टेन्शनर, अल्टरनेटर, कंप्रेसर किंवा वॉटर पंप यांतला. याहून जास्त वेळ चालवू नका, अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो. आणि टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही, तो वेगळा.

सायलेन्सरवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, हाही मोठा चकवा. गंजून एक बोल्ट सुटला की ठरावीक रेसवर तो असा खडखडतो की बेअरिंगच वाटावं. गाडी पूर्ण थंड असताना हाताच्या मुठीने हलकं ठोकून बघा.

पायरी ६: आता जागा शोधा

वेळ कळली, आता कुठून ते पाहू. स्टेथोस्कोपची दांडी किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक न फिरणाऱ्या भागावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. टोक पट्ट्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं फिरवलं तर गळतीची फुसफुस लगेच सापडते. क्रम ठेवा: वर टॅपेट कव्हर, मग पुढच्या बाजूचं चेन कव्हर, मग ब्लॉकचा मधला भाग, शेवटी खालची ऑइल चेंबर. वर मोठा असेल तर व्हॉल्व्हकडचा, खाली मोठा असेल तर क्रॅन्ककडचा. इंजेक्टरची आणि पेट्रोलची वाफ ओढणाऱ्या छोट्या झडपेची टिकटिक निरोगी असते, तिला घाबरू नका.

कोणत्या सिलिंडरचा आवाज आहे ते शोधायला इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढतात. ज्याचा काढल्यावर ठोका मंदावतो, त्या सिलिंडरचं बेअरिंग किंवा पिस्टन. प्लगची कॉइल काढून हे करू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, शिवाय झटका बसतो तो वेगळाच. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर स्कॅनरने पुसता येतो.

डिझेलवाल्यांसाठी इथेच सांगतो. थंड डिझेल ठोकतंच, इंधन फवारल्यानंतर पेटायला जो क्षणभर उशीर होतो त्याचा तो आवाज आहे. पण एकच सिलिंडर मोठ्याने ठोकत असेल आणि त्याच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढल्यावर आवाज साफ गेला, तर आधी इंजेक्टर तपासून घ्या, बेअरिंग नंतर. जुन्या डिझेलवर मिस्त्री इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून हीच परीक्षा करायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनात ते कदापि करू नका. त्या पाइपमध्ये दीड हजार बारच्याही वर दाब असू शकतो, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो.

पायरी ७: चढावरचा खणखणाट

हा प्रकार वेगळा, कारण यात काहीच ढिलं झालेलं नसतं. दुपारी दोन वाजता, पाच माणसं बसलेली, एसी फुल, आणि तुम्ही चौथ्या गिअरमध्येच वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाची चढण किंवा रामटेकच्या गडाचा रस्ता चढता. डब्यात कंचे हलवल्यासारखा खणखण आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की थांबतो. हे डिटोनेशन. स्पार्कने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं आणि दाबाच्या लाटा धातूवर आदळतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. आत ओढलेली हवाच तापलेली, त्यात रेडिएटर धुळीने किंवा समृद्धीवर रात्री धावून आल्यावर किड्यांच्या थराने बुजलेला, कूलंटमध्ये नुसतंच पाणी. मग इंजिनाच्या आतला कार्बनही निखाऱ्यासारखा काम करतो. आधी गिअर उतरवा. कमी रेसवर जास्त भार टाकणं हेच अर्ध्या वेळा कारण असतं. मग रेडिएटरची जाळी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा, कूलंट योग्य प्रमाणात भरा, पंखा वेळेवर लागतो का पाहा, प्लग पुस्तिकेत सांगितलेल्याच नंबरचे आहेत का बघा.

निदानाची सोपी युक्ती: टाकी जवळजवळ रिकामी झाली की एकदा जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहज आपोआप न भडकणारं, पेट्रोल भरा आणि तीच चढण, त्याच वेळी, त्याच गिअरमध्ये चढा. आवाज गेला तर डिटोनेशन नक्की. बेअरिंगला ऑक्टेनने फरक पडत नाही. एथेनॉलमुळे गाडी ठोकते असंही ऐकू येतं, पण एथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्याने हा खणखणाट वाढत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळा.

आधुनिक गाडीत नॉक सेन्सर असतो, तो कंपनं ऐकून स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. तो बिघडला तर गाडी मरगळते आणि पी०३२५ सारखा कोड येतो. म्हणून आवाज नाही पण चढावर जीव नाही, अशा तक्रारीतही स्कॅन करून घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये दीड-दोन हजारावर जोर देताना एखादाच मोठा ‘टण्’ आला तर तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. एकाच अशा फटक्याने पिस्टन तडकू शकतो. अशा इंजिनात डब्यावर एपीआय एसपी असा दर्जा लिहिलेलं ऑइल घाला आणि कमी रेसवर दाबू नका.

पावसाळ्यानंतरची खटखट

जोराच्या पावसात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली किंवा लोहापुलाखाली किती पाणी साचतं ते आपण सगळे जाणतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात तर घरासमोर उभ्या गाड्या बुडाल्या. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर गाडी सुरू होते, चालतेही, पण त्या दिवसापासून एक ठोका मागे लागतो. अशा वेळी सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट करा, वाकलेल्या रॉडचा सिलिंडर इतरांपेक्षा कमी दाखवतो. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. टो करा, प्लग काढा, मग इंजिन फिरवा. विमा कंपनीही विचारते ते हेच, पाण्यात पुन्हा सुरू केली का. इंजिनाचं वेगळं संरक्षण पॉलिसीत नसेल तर असं नुकसान बहुतेक नाकारलं जातं.

इंजिन खोलायच्या आधी हे मागा

‘खोलून पाहू’ हे वाक्य ऐकलं की थांबा. आधी मिस्त्रीकडून दोन गोष्टी करून घ्या. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावा आणि गरम इंजिनावर दाब मोजा. ढोबळ हिशेब असा की दर हजार रेसला दहा पीएसआय हवेत, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. दाब चांगला असेल तर बेअरिंगवरचा संशय बराच कमी होतो. दुसरं, ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. न चिकटणारा चमकदार चुरा पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या धातूचा. ही दहा मिनिटांची कामं नाकारणाऱ्याकडे मी इंजिन सोपवणार नाही.

मिस्त्रींशी बोलताना निदान सांगू नका, लक्षणं सांगा. “कनेक्टिंग गेलं वाटते” म्हटलं की समोरचाही तिथेच अडकतो. त्याऐवजी: सकाळी आवाज नाही, वीस मिनिटांनी आयडलिंगला येतो, रेस सोडताना वाढतो, एसीने फरक नाही, ऑइल अर्धा लिटर कमी होतं. सोबत रेकॉर्डिंग द्या. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री तिथे ठेवून सकाळचा पहिला स्टार्ट त्यांनाच ऐकू द्या.

बेअरिंग खरंच गेलं असेल आणि वेळेत सापडलं असेल, तर क्रॅन्क मोजून घ्या. जर्नल, म्हणजे क्रॅन्कचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, गुळगुळीत आणि मापात असेल तर बऱ्याच इंजिनांत नुसती बेअरिंग बदलून भागतं. ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग बसते, पण सगळ्याच क्रॅन्कना ग्राइंडिंग चालत नाही, कंपनीची परवानगी आहे का ते विचारा. ऑइल पंप, त्याची जाळी आणि ऑइल कूलर धुतल्याशिवाय इंजिन जोडू देऊ नका. जुना चुरा तिथेच बसलेला असतो आणि तोच नवी बेअरिंग खातो. नव्याने जोडलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जोर न देता, पण एकाच रेसवरही न ठेवता चालवा. मग ऑइल बदला, ते पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरा, आणि फिल्टर पुन्हा एकदा कापून बघा.